आप्पांनी सोडलेला लसूण

आप्पा,

माणसं चहा सोडतात, मटण सोडतात. कुणी पायात चप्पल घालायचं सोडतं, कुणी दाढी करायचं. तुमच्याजवळ तर सोडायला हाताशी तंबाखू होती, दिवसाला दोन पुड्या, कोपरीच्या खिशात, चुन्याच्या डबीसकट. ती सोडायची सोडून तुम्ही लसूण सोडलात. इतक्या वर्षांनी मी हे लिहायला बसलोय ते तुमची आठवण येते वगैरे म्हणून नाही. येते, पण तो वेगळा विषय. मला विचारायचंय की लसूण कुणी सोडतं का? आणि सोडलाच, तर जाताना ते व्रत तिथंच संपवायचं, की ताईच्या गळ्यात टाकून जायचं?

तो दिवस मला पाठ आहे. मी नववीत होतो आणि यात्रेतल्या पाळणेवाल्यांबरोबर बारा दिवस निघून गेलो होतो. पळून नाही गेलो, मी तेव्हाही सांगत होतो. पाळणा उभा करायला त्यांना एक माणूस कमी होता, इथला पाळणा सुटला तशी पुढच्या गावची यात्रा लागली, मग त्याच्या पुढची. वर गेल्यावर सगळं शिवार खाली दिसतं, उसाचे पट्टे, कांद्याचे वाफे, आणि पाळणा खाली येताना पोटात जे होतं ते शाळेत कधी झालं नव्हतं. परत आलो तर शाळेतून नाव कमी झालेलं. तुम्ही मला घेऊन मोठ्या सरांपुढं उभे राहिलात, टोपी काढून हातात धरलीत, आणि मी तिथं सरांच्या तोंडावर सांगितलं की मला शिकायचंच नाही. घरी आईनं ताट वाढलं. बाजरीची भाकरी, पिठलं, आणि कडेला लसणाची चटणी, तुमची असायची तशी लिंबाएवढी. तुम्ही ती चटणी बोटानं उचलून परत वाटीत टाकलीत.

"पोरगं दहावी पास होत न्हाई तवर लसूण बंद," म्हणालात.

आईला वाटलं रागात बोलताय. ती म्हणाली, "सोडायचंच आसंल तर ती तंबाखू सोडा की."

तुम्ही म्हणालात, "तंबाखू सवयीची हाय. आवडीचं सोडायचं आसतं."

आता मला सांगा, हे कुठल्या शास्त्रात आहे? मी पुष्कळ फिरलो. बोअरवेलच्या गाडीवर आठ महिने कर्नाटकात होतो, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट वाहिले, ठिबकचे पाईप जोडत फिरलो, मंचरला चायनीजच्या गाडीवर अजून आहे. ज्याला त्याला मी हे विचारलं. सगळे हसतात. त्यातला एक हसून झाल्यावर म्हणाला, "माझ्यासाठी कुणी कोथिंबीर पण सोडली नसती राव." म्हणजे उलट मीच दोषी.

आणि तुमची आवड साधी नव्हती. थंडीत लसणाची हिरवी पात आली की तुम्ही ती मुळासकट उपटून, बांधावर धोतराला पुसून तशीच भाकरीबरोबर खायचात. आई मासवडी करायची तेव्हा आतलं सारण, ते तीळ, खोबरं, भाजलेला कांदा आणि मूठभर लसूण, बेसनात भरायच्या आधीच तुम्ही दोनदा येऊन चाखून जायचात. एसटीत तुमच्या शेजारची जागा बराच वेळ रिकामी राहायची. आई म्हणायची, तिकीट एकाचं आणि शीट दोघांचं. अशा माणसानं लसूण सोडला. बरं, सोडला तर पिकवायचाही बंद करायचा. तेही नाही. कांद्याच्या वाफ्यांच्या कडेनं लसणाच्या ओळी दरवर्षी तशाच. मोठ्या गड्ड्या बियाणाला ठेवायच्या, त्या फोडून पाकळी पाकळी वेगळी करायची आणि शेंडा वर ठेवून दीड-दीड बोटावर टोचत जायचं. हे काम मला कधी जमलं नाही. माझं लक्ष बांधावरच्या टिटवीकडं, रस्त्यावरच्या गाड्यांकडं. एकदा मी अख्खी ओळ उलटी लावली होती, शेंडे मातीत आणि बुडखे वर. मार खायची तयारी ठेवली होती. तुम्ही वाकून दोन पाकळ्या उकरून बघितल्यात आणि म्हणालात, "उगवंल. पर मातीत वळसा घेऊन वर यील, मान वाकडी व्हईल. सरळ लावली आसती तर तिचा जीव वाचला आसता." त्यापेक्षा मारलं असतं तरी चाललं असतं. मार विसरला जातो.

इथं मला लसूणघास आठवला. जनावरांचा, जांभळ्या फुलांचा. लहानपणी मी विचारायचो, याला लसणाचा वास नाही, मग हे नाव कशाला? तुम्ही म्हणायचात, "म्हशीला इचार." तुमचं व्रत सुरू झाल्यावर मी एकदा चिडून म्हणालो होतो, की मग त्या घासाला पण हात लावू नका, धार मी काढतो, वैरण मी टाकतो. आई हसली. तुम्ही नाही हसलात. तुम्ही विळा घेऊन घास कापायला गेलात.

या सगळ्यात मला सहन न होणारी गोष्ट वेगळीच होती. तुम्ही खात नव्हता पण सोलत होता. संध्याकाळी ओट्यावर बसून आईला लसूण सोलून द्यायचात, पहिल्यापेक्षाही निगुतीनं, बारकी पाकळीसुद्धा वाया न घालवता. सोलून झाला की सालं फुंकरीनं उडवायची आणि हात धुवायला उठायचं नाही. मी एकदा गोठ्यातून बघितलं, तुम्ही उजव्या हाताची बोटं नाकाशी धरून बसला होता, डोळे मिटून. मी ओट्यापाशी येऊन ओरडलो होतो, आठवतं का? "खायचा आसंल तर खा, माझ्यावर उपकार नकोत," असं काहीतरी. तुम्ही म्हणालात, "तुझ्यावर कोण करतंय?" आणि रात्री जेवताना आईनं तुमचं वरण फोडणीच्या आधी बाजूला काढलं आणि माझ्या ताटात चटणी वाढली. मी खाल्ली. हे पण लिहूनच टाकतो. माझ्यासाठी सोडलेला लसूण घरात सगळ्यात जास्त मीच खात होतो. हट्टानं खात होतो.

पुढच्याच उन्हाळ्यात मी बोअरच्या गाडीवर गेलो. तुमच्या तोंडातली जखम भरेना हे आई फोनवर सांगायची, मी म्हणायचो येतो येतो. आलो तेव्हा तुम्ही पेजेवर होता. पातळ, गाळलेली पेज, तीही गिळताना मान एका बाजूला घ्यायला लागायची. आईनं शेवटी शेवटी तुपात दोन पाकळ्या तळून, त्या काढून टाकून ते तूप पेजेवर सोडलं होतं. म्हणाली, खाऊ नका, नुसता वास घ्या, वासानं तरी घास जाईल. तुम्ही मान भिंतीकडं फिरवलीत. डॉक्टरांनी तंबाखूचं नाव घेतलं तेव्हा आईनं माझ्याकडं बघितलं आणि मी तिच्याकडं, आणि आम्ही दोघंही एकच गोष्ट बोललो नाही.

मग दहावा. नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चार बसलेले, एक खाली यायचा, दोन पावलं चालायचा, परत वर. चुलत्यांनी हात जोडले, "दादा, जमिनीला काय व्हनार न्हाई, मी हाय." नाही. आई म्हणाली, "घर बघते मी, काळजी करू नगा." नाही. मग सगळी भावकी माझ्याकडं बघायला लागली. ऊन चढलेलं, पाय भाजत होते. चुलते म्हणाले, "तू बोल की, तुझंच आडलं आसंल त्याचं." मी म्हणालो, "होतो पास." एवढंच म्हणालो. कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं आणि उडून पलीकडच्या झाडावर गेला. मागनं कुणीतरी म्हणालं, "कावळ्याला पण पटलं न्हाई." तेव्हा ताई पुढं आली. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, राजुरीहून नवऱ्याबरोबर आलेली. ती म्हणाली, "आप्पा, ह्यो पास व्हईस्तवर लसूण मी नाय खानार. तुमी जावा आता."

कावळा आला. एक नाही, तीन.

आप्पा, अकरा वाजून गेले होते. कावळ्यांना भूक लागली असेल. हे मी त्या दिवसापासून सगळ्यांना सांगतोय. पण सांगून उपयोग काय, ताईनं शब्द दिला होता आणि तुम्ही घेतला होता. आई तेवढी सरळ निघाली. ती म्हणाली, "मला नाय जमायचं बाई, लसणाशिवाय माझा घास उतरत नाय," आणि तेराव्यानंतर जेवायला लागली. त्या घरात शहाणी ती एकटीच.

आता ताईचं सासर तुम्हाला माहीत आहे. मोठं खटलं, माणसांचा राबता, आठवड्याला मासवडी आणि तिची ती झणझणीत आमटी. ती सगळी ताई करते. लसूण सोलते, वाटते, फोडणी देते, आणि चाखत नाही. मिठाचा अंदाज वासावर. मग पळीत आमटी घेऊन सासूपुढं धरायची, "मीठ बघा." तुम्ही गेल्याला आठ वर्षं झाली, आठ वर्षं ती म्हातारी मीठ बघतेय. मी गेलो की मला म्हणते, "पावणं, तुमचं गणित कवा सुटायचं? माझी जीभ गेली मीठ बघून बघून." मी हसतो. ताई हसत नाही, ती मला वाढते. मासवडी पानात पडते आणि ती समोर बसून बघते, मी कशी खातो ते. "बरी झालीय का?" विचारते. तिला माहीत नाही ना. स्वतःच्या हाताची मासवडी तिनं आठ वर्षांत खाल्लेली नाही.

गेल्या श्रावणात ती बाळंतपणाला आपल्याकडं आली. मुलगी झाली. बाळंतिणीला काय देतात? लसूण-खोबऱ्याची चटणी, लसणाची फोडणी घातलेलं वरण. आईनं केलं आणि ताईनं ताट सरकवलं. दूध कमी पडत होतं. लसणानं येतं की नाही मला माहीत नाही, पण दोन्ही घरच्या बायकांना माहीत होतं. राजुरीहून तिच्या सासूचा फोन, आईचा त्रागा, पोरीचं रडणं, वरचं दूध, वाट्या, चमचे. आई मला म्हणाली, "तुझ्या बापानं सोडला, तुझ्या बहिणीनं सोडला, आता ह्या पोरीचं पण तुझ्यापायीच." मी उठून बाहेर गेलो. मोटारसायकल काढली आणि घोडेगावपर्यंत जाऊन नुसताच परत आलो.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. मला वाटलं, हे सगळं कावळ्याच्या साक्षीनं लागलंय, तर ते कावळ्याकडूनच सोडवून घेऊ. भाद्रपदात तुमचं पितर आलं. पितराच्या ताटात आपल्याकडं कांदा-लसूण नसतो. मी आईला म्हणालो, यंदा आप्पांच्या पानात मासवडी ठेवायची, लसणाची. आईनं कपाळावर हात मारला. चुलते म्हणाले, "पितराला लसूण? खुळा झाला का तू?" मी म्हणालो, "ते जिवंतपणी खात होते का नव्हते? आता खाल्ला तर सुटतील." मी स्वतः सारण केलं, चायनीजच्या गाडीवर हात बसलाय माझा, लसूण दुप्पट घातला. पान घेऊन पत्र्यावर चढलो आणि ठेवलं. ताई दारात पोरीला घेऊन उभी. मी खाली उतरायच्या आत कावळा आला. मासवडीच उचलली त्यानं, बाकी पानाकडं बघितलं पण नाही.

मला इतका आनंद झाला आप्पा. मी खाली येऊन आईला म्हणालो, "सुटलं. आता वाढ हिला."

ताई म्हणाली, "आप्पांचं सुटलं. चांगलं झालं. माझं कुठं सुटलं?"

"आगं, तू त्यांच्यासाठीच धरलं व्हतं ना?"

"मी तुझ्यासाठी धरलं व्हतं," ती म्हणाली आणि पोरीला थोपटत आत गेली.

तुम्ही दोघं एकाच मातीचे. बोलायला जागाच ठेवत नाही समोरच्याला. त्या दिवशी मी इतका वैतागलो की शाळेत गेलो. सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून बसणाऱ्यांचा, तो भरला. दाखला शोधायला तीन दिवस, तो तुमच्या ट्रंकेत सापडला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावलेलं. तिथं मराठीच्या एक बाई आहेत, त्यांनी विचारलं एवढ्या वर्षांनी का बसतोस, आणि मी सगळी लसणाची गोष्ट सांगून बसलो. त्या म्हणाल्या, संस्कृतात लसणाला रसोन म्हणतात. सहा चवींतली एक उणी म्हणून. पाच आहेत, आंबट तेवढी नाही. मग आई चटणीत चिंचेचं बुटुक का टाकते ते मला कळलं. तुम्हाला हे आवडलं असतं. एवढी एकच गोष्ट या सगळ्यात मला सांगावीशी वाटली आणि सांगायला तुम्ही नाही.

अभ्यास मी गाडीवर केला. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा लसूण सोलायचा आणि वर्गसमीकरणं. तिथला लसूण म्हणजे मोठ्या मोठ्या पांढऱ्या पाकळ्या, सोलायला सोपा, चव काही नाही, मूठभर टाकला तरी कळत नाही. आपल्या बारक्या पाकळीची एकच पुरते. असो. मार्चमध्ये पेपर. माझ्या पुढच्या बाकावर एक अंगणवाडीतल्या ताई, मागं एक टेम्पोवाला. गणिताच्या पेपरला पर्यवेक्षक बाई माझ्याजवळ आल्या, थांबल्या आणि नाकाला पदर लावून पुढं गेल्या. हातांचा वास जात नाही आता. साबणानं नाही, लिंबानं नाही. पेपर लिहिताना मधे एकदा सुचेना तेव्हा मी तोंडावर हात धरून बसलो होतो बराच वेळ. काय करत होतो ते तुम्हाला सांगायला नको.

आता हे घोडेगावच्या स्टँडवर बसून लिहितोय. राजुरीला जायचं तर मंचर, मग नारायणगाव, मग पुढं. मंचरची एक गाडी गेली, आता दुसरी पण लागून गेली. आईनं यंदाच्या लसणाच्या दोन जुड्या दिल्यात पिशवीत. तिला वाटतंय मी असाच भेटायला चाललोय. पलीकडच्या दुकानातून मी निकालाचा कागद काढून आणलाय, तो खिशात आहे. गणितात अडतीस. बाकी त्याच्या आसपास. पास आहे, आप्पा.

आणि निकाल लागून आज चौथा दिवस आहे. मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं संध्याकाळी सांगू. मग ठरवलं, समोर जाऊनच सांगू. ताईला कळलं की ती त्याच जेवणाला लसूण खाईल, खाल्लाच पाहिजे तिनं, तिची सासू तर पेढे वाटेल. आणि मग झालं. इतकी वर्षं आपल्या घरी किंवा तिच्या घरी पान वाढलं की कुणी ना कुणी तुमचं नाव काढतंच, वैतागून का होईना. मीच सगळ्यात जास्त काढतो. ते बंद होईल. तुमचं माझ्याकडं काही मागणंच राहणार नाही. त्याला मी घाबरेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

मगाशी ताईचा फोन आला होता. मागं पोरगी ओरडत होती, कुकरची शिट्टी होत होती. "लागला का रं?" म्हणाली.

"साईट चालत नाय," मी म्हणालो.

"बरं. आसूं दे," ती म्हणाली. "घाई नाय काय."